संस्था आणि संसार



दसरा झाला की आमच्या पाथर्डीच्या बाजूला रस्त्यांवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात. त्यांत भांडीकुंडी चढते, बाजरीचं पोतं चढतं, पत्र्याची पेटी चढते, एखादी शेळीही चढते, आणि मग या सगळ्यांवर माणसं बसतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. कुणाची दिवाळी घरी होते, कुणाची वाटेत. मग पाडव्याच्या सुमाराला, मढीच्या कानिफनाथांची यात्रा चाललेली असते, तेव्हा यांतली बरीचशी माणसं गावाकडे परतू लागतात. या दोन टोकांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत आम्ही काही मंडळी एक लहानसं वसतिगृह चालवतो. मागं राहिलेल्या मुलांचं.

आज मला त्या वसतिगृहाविषयी बोलायचं आहे. पण खरं सांगायचं तर वसतिगृहापेक्षा ते ज्या घराच्या जिवावर चालतं, त्या घराविषयी बोलायचं आहे. संस्थेच्या अहवालात अध्यक्ष येतात, देणगीदार येतात, पाहुणे येतात. घर कुठं येत नाही. आणि मी तर म्हणेन, लहान संस्थेचा पहिला देणगीदार घरच असतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या नगर जिल्ह्याचं, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं, रूप मोठं विलक्षण आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा मुलूख. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. पुढं १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन, लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचं नाव जगभर गेलं. आणि त्याच जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर कोयता. एकाच जिल्ह्यात एक शेतकरी ऊस लावतो आणि दुसरा शेतकरी तो तोडायला जातो. आमच्याकडची माणसं जिल्ह्यातल्या कारखान्यांवर तर जातातच. पण कोल्हापूर-सांगलीकडे आणि पार कर्नाटकातही जातात.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम या जोडीला हंगामाआधी 'उचल' देतो. मग ती उचल फिटेपर्यंत तोडत राहायचं. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. आता अशा ठिकाणी मूल बरोबर नेलं तर त्याची शाळा सुटते. आणि मागं ठेवावं तर कुणाजवळ? घरी धडधाकट आजी असली तर ठीक. नसली तर?

हा प्रश्न अकरा वर्षांपूर्वी आमच्या दाराशी आला. मी कॉलेजात शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची आई संध्याकाळी आली. बरोबर दोन धाकटी लेकरं. म्हणाली, "सर, एवढी दोन ठिवून घ्या. मागं म्हातारी व्हती, ती श्रावणात गेली. लेकरं हुशार हायेत, फडावर न्यायचं जिवावर येतं."

मी 'हो' म्हणालो. आमच्या घराला रस्त्याकडची एक खोली होती, ती त्यांना दिली. आठ दिवसांत तिसरं मूल आलं. दिवाळीनंतर सात झाली.

यात एक गोष्ट मी तेव्हा चांगुलपणा समजत होतो, ती आज सांगताना थोडा ओशाळतो. मी घरात विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. विचारणं आणि सांगणं यांत केवढं अंतर आहे! स्वयंपाक कोण करणार, रात्री पोर रडलं तर कोण उठणार, यांतलं मला काहीच करायचं नव्हतं. माझ्या वाट्याला 'हो' म्हणणं आलं आणि घराच्या वाट्याला त्या 'हो'चं ओझं. सौभाग्यवतींनी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "अहो, पीठ किती लागेल याचा अंदाज घेतलात का?" मला वाटलं, या प्रश्नात मन मोठं नाही. आज वाटतं, त्या खोलीत त्या दिवशी तोच एक शहाणा प्रश्न विचारला गेला.

पुढं रीतसर संस्था करावी लागली. कायदा सांगतो, सात माणसं हवीत. आमची सात जमली: दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक औषधांचे दुकानदार, एक शेतकरी, एक वकील आणि मी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद झाली, धर्मादाय कार्यालयाचा क्रमांक मिळाला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. आम्हांला वाटलं, आता झालं. परंतु नोंदणी म्हणजे लग्न. संसार त्यापुढंच असतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, सभेचं इतिवृत्त लिहायचं, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. आमचे पोस्टमास्तर वारले तेव्हा आम्ही सगळे दुःखात होतो, आणि अर्जाची मुदत टळली. मग हेलपाटे! चांगलं काम करतो म्हणून कागद माफ होत नाहीत, आणि होऊही नयेत. लोकांचे पैसे आहेत.

देणगीची तऱ्हा तर फार मजेची. भिंतीवरची घड्याळं द्यायला लोक तयार असतात. कारण त्यांवर नाव घालता येतं. आमच्याकडे चार खोल्या आणि सहा घड्याळं आहेत. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला इतकी केळी येतात की मुलं केळ्यांकडे पाठ फिरवतात. वाढदिवसाचं गोड जेवण द्यायला माणसं येतात, मुलांबरोबर फोटो काढतात, आनंदानं जातात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. देणारा हात चांगलाच. पण मीठ कुणी देत नाही. विजेचं बिल कुणी देत नाही. संडास धुणाऱ्या बाईंचा पगार कुणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ दिला जात नाही. आणि संस्था तर मिठावर, बिलावर आणि त्या बाईंवर चालते.

मग ही तूट भरून कोण काढतं? श्रोतेहो, घर काढतं. संस्थेची वही आणि घरची वही आमच्याकडे एकाच फळीवर असत. संस्थेच्या वहीत खाली कमी पडलं की मी घरच्या वहीतून शंभर, पाचशे, हजार काढत असे. कुठं लिहीत नसे. लिहिलं तर तो हिशेब झाला असता. न लिहिता केलं की तो त्याग वाटतो.

सुखाचे दिवसही पुष्कळ होते. ते न सांगणं कृतघ्नपणा होईल. एक मुलगी आली तेव्हा तिसरीत असून तिला बाराखडी येत नव्हती. दर वर्षी दिवाळीला शाळा सुटायची आणि उन्हाळ्यात पुन्हा भेटायची, तिचा तरी काय दोष! तीच मुलगी पुढल्या पाडव्याला आईबापांना टोळीच्या हिशेबाचा कागद वाचून दाखवत होती. बापानं तो कागद तिच्या हातातून घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि पुन्हा तिच्याच हातात दिला. म्हणाला, "तुझ्यापाशीच ठिव." आणखी एक कोयता, म्हणजे एक जोडपं, दर वर्षी परतताना अर्धं पोतं बाजरी आणून टाकतं. न सांगता, न फोटो काढता. असं पोतं दाराशी आलं की वर्षाचा शीण उतरतो.

पण आज मला सांगायची आहे ती शिणाची गोष्ट.

२०१८ साली पाऊस पार उलटला. आपल्या जिल्ह्यातले तालुके दुष्काळी जाहीर झाले, पुढं गावोगाव चारा छावण्या उघडल्या. त्या वर्षी जास्त माणसं ऊसतोडीला गेली आणि आमच्याकडे एकोणिसांची चौतीस मुलं झाली. दुष्काळात मुलं वाढतात आणि देणग्या आटतात, हे गणित कुणी शिकवायला नको. एका गृहस्थांनी मोठ्या रकमेचा शब्द दिला होता. त्यांचीच अडचण झाली, शब्द राहून गेला. डिसेंबरात किराणा दुकानदारानं निरोप धाडला, "सर, मागचं मिटल्याशिवाय पुढचं जमणार नाही." त्याचंही बरोबर होतं. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याला तोंड द्यायचं होतं.

आमची मुलगी तेव्हा सातवीत. तिचा डावा कान वाहत असे. नगरच्या डॉक्टरांनी नाताळच्या सुटीत शस्त्रक्रिया करू, असं सांगितलं होतं. त्यासाठी दोघांच्या नावावर पैसे बाजूला ठेवलेले होते. त्यांतले अडतीस हजार मी काढले आणि दुकानदाराला दिले. आणि घरी सांगितलं, "डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली आहे."

श्रोतेहो, मी खोटं बोललो. ज्या संस्थेच्या भिंतीवर 'खरे बोलावे' अशी पाटी आम्ही लावली आहे, तिच्यासाठी खोटं बोललो. मनाशी म्हणत होतो, चौतीस मुलांच्या पोटाचा प्रश्न आणि एका कानाचा प्रश्न, मोठा कुठला? असं गणित मांडलं की उत्तर आपल्याला हवं तेच येतं. कारण त्यातला एक आकडा मांडायचा राहिलेला असतो: ज्यांच्या पैशानं मी उदार झालो, त्यांना मी विचारलंच नव्हतं.

जानेवारीत सौभाग्यवतींनी स्वतःच दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "तारीख आम्ही नाही बदलली, सरांनीच बदलली." त्या रात्री घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी घरची वही काढली आणि एक ओळ लिहिली: 'संस्था – ३८,०००. न विचारता.' बस्स. ती वही आजही आहे.

मुलीला काही दिवसांनी कळलं. मुलं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं. एका कानानंही ती सगळं ऐकतात. जेवताना तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "बाबा, मी वसतिगृहात नाव घातलं तर माझं ऑपरेशन लवकर होईल का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी कॉलेजच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली, कान बरा झाला. कर्ज पुढं पेपरतपासणीच्या मानधनातून फेडलं. पण मधल्या त्या दोन महिन्यांत 'ही मुलगी वर्गात लक्ष देत नाही' म्हणून तिला जी बोलणी खावी लागली, ती कुठल्या मानधनातून फेडायची?

त्यानंतर मी जुन्या मोठ्या माणसांच्या संसारांकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्यांची चरित्रं आपण शाळेत शिकवतो. पण ती बहुधा ओसरीवरून सांगतो, स्वयंपाकघरातून सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यातही 'रयत शिक्षण संस्थे'च्या शाळा गावोगाव आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था १९१९ साली काढली आणि पुढं साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. तिथं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिलं. ही गोष्ट ऐकताना आपण सगळे हात जोडतो आणि ते योग्यच आहे. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही. पण ही गोष्ट सांगताना आपण एक चूक करतो. दागिना देणारी बाई मोठी होती, असं न म्हणता 'बायकांनी असंच द्यायचं असतं' असा त्याचा अर्थ करून घेतो. दान एकानं दिलं की ते दान. दुसऱ्यानं ते गृहीत धरलं की ती वसुली.

दुसरं घर अण्णासाहेब कर्व्यांचं. ते माझ्याच व्यवसायातले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ साली त्यांनी पुनर्विवाह केला, तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी. त्याच पुढं आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया'. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, तो पुढं हिंगण्याच्या माळावर गेला. अण्णांनी साठवलेलं तर आश्रमाला दिलंच. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. आता विम्याची पॉलिसी म्हणजे काय? आपल्या माघारी बायकामुलांचं कसं होईल, याची तजवीज. तीच दिली! बायांनी हे सारं 'माझे पुराण' या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. त्यांना आश्रमाचं प्रेम नव्हतं, असं नव्हे. त्या स्वतः त्यासाठी वर्गणी मागत हिंडल्या. सुइणीचं शिक्षण घेतलं, कष्ट केले, मुलं वाढवली. पण घराची ओढाताण झाली ती झाली, असं त्यांनी लिहून ठेवलं. अण्णा शंभरी ओलांडून जगले, १९५८ साली भारतरत्न झाले. त्यांची थोरवी या पुस्तकानं उणी होत नाही. उलट ती थोरवी कुणाकुणाच्या खांद्यावर उभी होती, ते दिसतं.

आणि तिसरं घर आपल्या जिल्ह्यातलंच, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्याच भागातले, शिक्षक आईबापांचे चिरंजीव. वेल्लोरला वैद्यकीचं शिक्षण घेताना डॉ. मेबल त्यांना भेटल्या. दोघांनी आधी आपल्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं, मग अमेरिकेत जाऊन पुढचं शिक्षण घेतलं, आणि १९७० साली ते दोन मुलांसह जामखेडसारख्या कोरड्या गावी येऊन राहिले. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ आला. माणसं औषधाआधी पाणी आणि भाकरी मागत होती. तेव्हा त्यांनी पाण्याचं आणि अन्नाचं काम हाती घेतलं.

मला त्यांच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक म्हणजे, हा बेत दोघांचा होता. एकानं ठरवलं आणि दुसऱ्यानं निभावलं, असं नव्हतं. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोही दोघांना मिळून. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्यांनी सगळं काम आपल्या घराच्या माथ्यावर ठेवलं नाही. गावानंच एक बाई निवडायची; बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. तिला बाळंतपण, लस, जुलाब, मुलांचं खाणं हे सगळं शिकवायचं, आणि तिनं गावात ते काम करायचं. असं गावोगाव झालं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम थांबलं नाही. त्यांच्या कन्या डॉ. शोभा आणि चिरंजीव रवी यांनी ते पुढं नेलं, आणि त्या गावोगावच्या बायांनी ते धरून ठेवलं. जे काम वाटून दिलं जातं तेच मागं उरतं. जे एकाच घराच्या चुलीवर शिजतं, ते ती चूल विझली की संपतं.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते २०२० च्या मार्चमध्ये. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे तेवीस मुलं होती. आईबाप कारखान्यांच्या भागात अडकलेले, रस्ते बंद. स्वयंपाकीण तिच्या गावी, विश्वस्त आपापल्या घरी. एप्रिलच्या मध्यानंतर शासनानं ऊसतोड मजुरांना तपासणी करून घरी सोडायला परवानगी दिली, तोवर आणि त्यानंतरही काही दिवस, मुलं आमचीच. मी हातपाय गाळून बसलो होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "यावेळी मला विचारताय ना? मग मी सांगते तसं होईल."

त्यांनी मुलांच्या पाच टोळ्या केल्या. टोळीला मुकादमही मुलांतलाच. एक टोळी भाजी निवडणारी, एक भांड्यांची, एक झाडलोटीची, एक लहानांचा अभ्यास घेणारी, आणि एक रोज सुटीवर. "सुटीला खाडा नाही," असं त्यांनी जाहीर केल्यावर मुलं खदखदून हसली. भाकरी थापायला मी शिकलो. माझी भाकरी नकाशासारखी होते, पण पोटात गेल्यावर आकार कोण बघतो! आमची मुलगी बाराखडीची मास्तरीण झाली. ज्या वसतिगृहावर तिचा राग होता, तिथल्या दोन मुलींशी तिची त्या महिन्यात जन्माची मैत्री झाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, घराचा राग कामावर कधीच नव्हता. न विचारण्यावर होता.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ऐकणाऱ्यांत शिक्षक मंडळी असतील, एखादं वाचनालय, बालवाडी, भजनी मंडळाची धर्मशाळा चालवणारे असतील. त्यांच्या उपयोगाच्या म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, दोन वह्या दोन ठिकाणी. संस्थेची वही आता घरी नसते. ती औषध-दुकानदार विश्वस्तांकडे असते. दुसरी, किल्ली दोघांपाशी. जे मला ठाऊक आहे ते आणखी एका माणसाला ठाऊक असलंच पाहिजे. मी आजारी पडलो तर मुलं उपाशी राहता कामा नयेत. तिसरी, देणगी मागताना आम्ही आता लाजत नाही. सरळ सांगतो, घड्याळ नको, मार्चचं विजेचं बिल द्या. आम्ही पावती देऊ आणि सभेत नाव वाचू. आश्चर्य म्हणजे लोक देतात! त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. चौथी, संस्थेला कमी पडलं तर ते विश्वस्तांच्या सभेत कमी पडतं, माझ्या घरात नव्हे. २०२१ साली शासनानं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना जाहीर केली. जिथं अशी सोय होते तिथं आम्ही आईबापांना आधी तिकडची वाट दाखवतो. आपली संस्था मोठी व्हावी यापेक्षा मुलाची सोय व्हावी, हे मोठं. पाचवी, रविवार दुपार घराची. त्या वेळी फोन आला तर मुलगी उचलते आणि विचारते, "फार तातडीचं आहे का?" शंभरातले नव्वद फोन तातडीचे नसतात.

आणि शेवटची गोष्ट त्या अडतीस हजारांची. २०१९ च्या मार्चमध्ये हिशेब तपासनिसांसमोर मी ती रक्कम ठेवली आणि म्हणालो, "हे घरानं संस्थेला उसने दिले असं लिहू या." ते म्हणाले, "सर, तसं नाही चालत. संस्थेच्या नावानं कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. तुम्ही परस्पर उसने घेऊ शकत नाही. ही देणगीच दाखवावी लागेल. देणगीदाराचं नाव काय घालू?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं. सौभाग्यवतींचं नाव सांगितलं. पावती फाडली, घरी आणली, त्यांच्या हातात दिली. आमच्या पावतीवर 'आपणांकडून सप्रेम देणगी मिळाली' असं छापलेलं आहे. त्यांनी पावती नीट वाचली, पेन घेतलं आणि 'सप्रेम' हा शब्द खोडला. म्हणाल्या, "पावती खरी असावी. रक्कम मिळाली, बरोबर आहे. सप्रेम पुढच्या वेळी लिहा. मला विचारून घ्याल तेव्हा."

तेव्हापासून दर वर्षी पाडव्याला आम्ही तिघं बसतो. यंदा घर संस्थेला किती देणार, ते ठरवतो. जमेल तेवढं, झेपेल तेवढं. कधी मुलगी म्हणते, यंदा कमी करा, माझ्या फीचं आहे. मग कमी होतं. ठरलं की ठरलं. त्यापलीकडे मी फळीकडे हात नेत नाही. रक्कम पूर्वीपेक्षा कमीच असते. पण तिची पावती फाटते आणि ती घरच्या वहीत चिकटवली जाते, त्या जुन्या ओळीच्या पुढल्या पानांवर.

श्रोतेहो, तुमच्या गावातही असं काही चालवणारा एखादा माणूस असेल. त्याचं कौतुक करा, त्याला हार घाला, पण पुढच्या वेळी त्याच्या घरी जाल तेव्हा आत डोकावून विचारा, "वहिनी, काय कमी आहे?" मीठ म्हणाल्या तर मीठ न्या. आणि तो चालवणारा माणूस तुम्ही स्वतः असाल, तर आज रात्री जेवताना विचारा. सांगू नका, विचारा.

यंदाच्या पाडव्याचीही पावती फाटली. सौभाग्यवतींनी ती वाचली आणि वहीत चिकटवली. 'सप्रेम' हा शब्द त्यांनी खोडलेला नाही.